जुनी चेतक गरम झाली की बंद, गार झाली की चालू: आठ महिन्यांनी सापडलेला फॉल्ट

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमची गाडी यात बसते का ते बघा. सकाळी इंजिन गार असताना चोक ओढायचा, गाडी सवयीप्रमाणं जरा तिरकी करायची, दुसऱ्या किकला चालू. गावातल्या गावात भाजी, दूध, बँक, काही त्रास नाही. पण एकदा का सलग आठ-दहा किलोमीटर झाले आणि त्यातून चढ लागला, की कुणी तरी चावी फिरवल्यासारखी गप्प. हिसके नाहीत, फटफट नाही, काही नाही. मग किती पण किका मारा, घामाघूम व्हा, गाडी नाव घेत नाही. वीस मिनिटं झाडाखाली बसा, पहिल्या किकला चालू, जशी काय ती कधी बंद पडलीच नव्हती.

आमची चेतक ८७ ची, अण्णांनी बुकिंग करून कित्येक वर्षं वाट बघून घेतलेली, त्यामुळं विकायचा विषयच घरात निघत नाही. पॉइंट-कंडेन्सरवालं १४५ सीसी टू स्ट्रोक इंजिन. (पॉइंट म्हणजे इंजिन फिरताना उघडून ठिणगी पाडणारा छोटा स्विच, कंडेन्सर त्याचा जोडीदार.) खरं तर यात बिघडायला आहेच काय, पेट्रोल आणि ठिणगी एवढाच मामला, असं मी पहिले आठ महिने छाती ठोकून सांगत होतो. साताऱ्यातून समर्थ मंदिराकडनं यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या वळणाला ती बसायचीच. कासला फुलं बघायला निघालेले लोक गाडी थांबवून विचारायचे, दादा काही मदत पाहिजे का, आणि मी कठड्यावर बसून नाही नाही, गार होतीय जरा, असं म्हणायचो. लाज सोडली तर दुसरा काही तोटा नव्हता.

पहिल्यांदा मिस्त्रींकडं नेली. त्यांनी ऐकून घेतलं, गाडीला हात न लावताच म्हणाले, "कंडेन्सर गेलाय." आता हे चुकीचं नाही बरं का. पॉइंटवाल्या गाडीचा कंडेन्सर मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या, आत बसतो, तिथं इंजिनची सगळी धग त्याला लागते, आणि गरम झाल्यावर तो आतून शॉर्ट मारायला लागला तर लक्षण हुबेहूब हेच. कंडेन्सर बदलला, गाडी तीन आठवडे मस्त. मग परत तेच. दुसरा कंडेन्सर मी पुण्याला नाना पेठेतून आणला आणि स्वतःच घातला, गाडी महिनाभर मस्त. मग परत तेच. तिसरा एकाने दिलेला, जुना स्टॉक, डब्यात बंद, "ओरिजिनल माल आहे, आता मिळत नाही" असं सांगून. तो पण पंधरा दिवस चालला. (जुन्या स्टॉकचा कंडेन्सर तसाही घेऊ नये, पार्ट वापरला नसला तरी वय झालेलंच असतं, आतला कागद-मेण डब्यात बसून पण खराब होतं. हे मला नंतर कळलं.)

इथं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण माझा सगळा वेळ हिच्यात गेला. प्रत्येक वेळी कंडेन्सर बदलल्यावर गाडी खरंच सुधारत होती. त्यामुळं संशय कंडेन्सरवरच, म्हणजे पार्टच डुप्लिकेट येतायत, बाजारात चांगला माल राहिला नाही वगैरे मी सगळ्यांना ऐकवत होतो. पण कंडेन्सर बदलायला मॅग्नेट काढावा लागतो, आतल्या प्लेटला (जिच्यावर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल बसतात) हात लागतो, वायरी इकडच्या तिकडं होतात. गाडी बरी होत होती ती त्या हात लागण्यानं, कंडेन्सरनं नाही. हे लक्षात यायला तीन कंडेन्सर लागले.

मधल्या काळात आलेले सल्ले: मॅग्नेट डाऊन झालाय चार्ज करून आणा, कार्बोरेटर बदला, बोअर करून घ्या, प्लग गरम पडतोय, आणि एकाने तर सांगितलं की हल्लीचं पेट्रोलच जुन्या गाडीला चालत नाही. शेवटच्यात थोडं तथ्य आहे, त्यावर खाली लिहितो. मॅग्नेट चार्ज करायला मी जवळजवळ निघालो होतो, पण गार असताना ठिणगी निळीशार पडतीय म्हणल्यावर मॅग्नेट डाऊन कसा असेल? मॅग्नेट काही घाटात डाऊन आणि उतारावर अप होत नाही.

आमच्या शेजारी एक काका आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेले. त्यांच्यासमोर मी शेडमध्ये गाडी उघडून बसलो होतो. (शेड म्हणजे मागच्या अंगणातला पत्रा, आधी तिथं बंब आणि जळण असायचं.) ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "घरी आणून काय बघतोस? घरी येईपर्यंत ती बरी झालेली असती. आजारी असताना बघ की."

एवढंच. पण त्या दिवसापासून डिक्कीत एक पिशवी कायमची ठेवली: प्लग पाना, एक नवा प्लग, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, फडकं, छोटी पाण्याची बाटली रिकामी, आणि एक चालू स्थितीतली एचटी कॉइल (प्लगला जोराचा करंट देणारी, मॅग्नेटच्या बाहेर बसते ती) जी मित्राच्या गाडीची उसनी घेतली. आणि मग मुद्दाम घाटात बंद पाडायला न्यायला लागलो. तुम्हाला पण हेच सांगणं आहे, गाडी बंद पडली की पहिल्या दोन-तीन मिनिटांत जे दिसतं तेच खरं, नंतर सगळं ठीकच दिसतं.

बंद पडल्यावर सगळ्यात आधी किक हातानं दाबून बघा. किक नेहमीपेक्षा जड लागत असेल किंवा बंद पडायच्या आधी गाडी ओढायची कमी झाली असेल तर तो वेगळा आजार आहे, पिस्टन धरतोय. ऑइल कमी पडलंय किंवा कुठून तरी हवा ओढतीय, मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील हे त्यातलं नेहमीचं गिऱ्हाईक. अशा वेळी किका मारत बसू नका, रिंगा जातील. आणि किक एकदम पोकळ लागली, दाबच नाही, तर बोअर-रिंगा बघा, माझं पुढचं सगळं तुमच्या कामाचं नाही.

किक नेहमीसारखी असेल तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. "सुस्स" असा आवाज करून हवा आत गेली आणि मग गाडी चालू झाली तर काम संपलं, झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. टाकीत हवा शिरली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही, कारण ह्या गाडीला पंप नाही, नुसत्या उतारावर येतं. भोकात सुई घालून साफ करा. हे इतकं फुकटात सुटतं की लोकांना खरं वाटत नाही.

मग प्लग काढा. फडकं घेऊन काढा, मी पहिल्यांदा नुसत्या बोटांनी काढला आणि घाटात एकटा नाचलो. प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी बघायची. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल येत नाही. टू स्ट्रोकला तिसरी एक गोष्ट होते, प्लगच्या दोन टोकांच्या मधे काजळीचा केसाएवढा पूल बनतो, तो असेल तर नखानं काढा आणि ऑइल जरा मोजून घाला. साधारण २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिली, बास. "जुनी गाडी आहे, जरा जास्त ऑइल टाक" हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो पण प्लग आणि सायलेन्सर दोन्ही चोंदतात.

कोरडा प्लग निघाला तर पाइप सोडून बाटलीत पेट्रोल धरून बघा, धार जाड आणि न तुटता आली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, चोंदलाय. टाकी गंजलेली असली तर कॉकच्या जाळीला तांबडा गाळ बसतोच. कार्बोरेटरला पाइप जिथं जोडतो तिथं अजून एक चिमुकली जाळी असते, ती बरेच जण विसरतात. आणि आता ते हल्लीच्या पेट्रोलचं. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ८०-९० च्या काळातलं रबर त्यासाठी बनवलेलंच नाही. पाइप मऊ पडतो, फुगतो, आतून चपटा होतो, कार्बोरेटरातल्या फ्लोटच्या सुईचं टोक चिकट होतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, गाडी पावसाळाभर उभी ठेवली तर टाकीच्या तळाला पाणीमिश्रित थर बसू शकतो. त्यामुळं जुन्या गाडीचा पाइप, वॉशर, सुई हे एकदाच नव्यातलं घालून टाका आणि उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा. मी हे सगळं केलं. गाडी तरी बंद पडतच होती, कारण माझा प्लग ओला होता.

ओला प्लग म्हणजे आता ठिणगी. प्लग टोपीत घालून इंजिनच्या फिनला टेकवायचा आणि किक मारायची, पण प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, तिथून पेट्रोलचा फवारा उडत असतो आणि तुम्ही ठिणगी पाडताय. घाटात पाडली, ठिणगी शून्य. पिवळी नाही, बारीक नाही, काहीच नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला काही तरी पक्कं कळलं होतं, खरं सांगतो, त्या कठड्यावर बसून हसू आलं.

मग किल स्विचची वायर. पॉइंटवाल्या गाडीत चावी बंद केली की ठिणगीचा करंट बॉडीला जातो, म्हणजे ती वायर हँडलपासून इंजिनपर्यंत कुठंही घासून उघडी पडली असेल तर गाडी स्वतःच स्वतःची चावी बंद करते. इंजिनजवळच्या जंक्शन बॉक्सला ती वायर सोडली, किक मारली. शून्य. (वायर सोडून गाडी चालू झाली तर आनंद करा पण एक लक्षात ठेवा, आता चावीनं गाडी बंद होणार नाही. गिअर टाकून क्लच सोडायचा नाहीतर कॉक बंद करून थांबायचं.) मग मित्राची एचटी कॉइल, दोन वायरी आणि दोन बोल्ट, रस्त्यावर पाच मिनिटांचं काम. शून्य. नवा प्लग. शून्य. वीस मिनिटांनी त्याच सगळ्या जोडणीवर टणाटण निळी ठिणगी.

म्हणजे फॉल्ट मॅग्नेटच्या आत. कंडेन्सर तीनदा बदललेला. उरलं काय? पॉइंटखालचा इन्सुलेशनचा वॉशर, प्लेटवरची प्रायमरी कॉइल, आणि आतून बाहेर येणारी वायर.

मॅग्नेट काढताना पुलरच (ओढून काढायचं हत्यार) वापरा, हातोडी नको. ठोकून काढलेल्या मॅग्नेटचे लोहचुंबक हलतात, आणि क्रँकचा आटा चेपला तर मग रडत बसायचं. मॅग्नेट क्रँकवर जागेवर धरणारी अर्धचंद्रासारखी छोटी चावी असते, ती पडून हरवते, ती आधी उचलून डब्यात टाका. प्लेट काढायच्या आधी प्लेट आणि केसिंग दोन्हींवरून एक सरळ रेघ सुईनं ओढून घ्या, बसवताना रेघेला रेघ जुळवली की टायमिंग होतं तिथंच राहतं.

आता मल्टीमीटर लावायचा (दोन टोकं एकमेकांना जोडलेली असली की पीप करतो तो), आणि इथं मी एक अख्खा रविवार घालवला. बाहेर येणारी वायर आणि प्लेट यांच्यात मीटर लावला तर तो पीप पीप करतच राहिला. म्हणलं सापडला शॉर्ट! नाचत काकांना बोलावलं. ते म्हणाले, "अरे कॉइलचं दुसरं टोक कुठं जोडलंय ते बघ की." दुसरं टोक प्लेटलाच झाळलेलं, म्हणजे सोल्डर केलेलं असतं. म्हणजे चांगल्या गाडीत पण इथं शॉर्टच दाखवणार. त्यासाठी कॉइलचं टोक झाळकाम काढून सोडवायचं, कंडेन्सर सोडवायचा, पॉइंटच्या मधे कागदाचा तुकडा घालायचा, आणि मग वायर आणि प्लेट यांच्यात बघायचं. आता मीटरनं काहीच दाखवलं नाही पाहिजे. दाखवलं पण नाही. गार होती ना.

मग बायकोचा हेअर ड्रायर आणला. ड्रायर सगळ्यात गरमवर ठेवून प्लेटवर धरला, मीटर पीपवर लावून ठेवला. पॉइंटवर धरला, काही नाही. कॉइलवर धरला, बराच वेळ, काही नाही. मग जिथं वायरी रबराच्या बुचातून केसिंगच्या खाचेत शिरतात तिथं धरला, साधारण चार मिनिटं झाली असतील, आणि मीटर बारीक चिरकला. थांबला. परत चिरकला. काडीनं वायर जरा ढकलली तर लांबलचक पीप.

बुच फाडून काढलं. आतली वायर वरून काळी तुकतुकीत, बघून कुणी म्हणणार नाही. पण बुचाच्या आतला इंचभर तुकडा वाळक्या पापडासारखा, वाकवला की कवच पडून आत हिरवट झालेलं तांबं. गार असताना वायर ताठ राहून कडेपासून केसभर लांब राहायची, गरम झाली की सैल पडून खाचेच्या कडेला टेकायची, आणि ठिणगीचा सगळा करंट बॉडीत. पस्तीस वर्षांहून जास्त ती वायर तेल, उष्णता आणि थरथरीत बसलीय, तिचा काय दोष. आणि मी प्रत्येक कंडेन्सरच्या वेळी प्लेट उचलली की ती वायर जरा फिरायची, महिनाभर टेकायची नाही, आणि मी बाजारातल्या मालाला शिव्या घालायचो.

दुरुस्ती तशी सोपी. प्लेटवरच्या सगळ्याच वायरी बदलल्या, एकच बदलू नका, शेजारच्या दोन पण त्याच वयाच्या आहेत. घरातल्या फिटिंगची वायर वापरायची नाही, तिचं पीव्हीसी ७० डिग्रीपर्यंतचं असतं, इथं दोन वर्षांत परत पापड. सिलिकॉनची वायर घ्या, १८० डिग्रीपर्यंत टिकते, पण ती नखानं सुद्धा कापली जाते म्हणून वरून फायबर ग्लासची नळी चढवायची. सोल्डर करायच्या आधी जुनं टोक पॉलिश पेपरनं चकचकीत करा, काळ्या तांब्यावर झाळ धरत नाही. २५ वॅटच्या इस्त्रीनं, म्हणजे सोल्डरिंगच्या, प्लेटला जोडलेलं टोक झाळायचा प्रयत्न करू नका, प्लेट सगळी उष्णता पिऊन टाकते आणि झाळ नुसती गोळी होऊन बसते. मी ते टोक काकांच्या जुन्या जाड इस्त्रीनं केलं. रबरी बुच नवीन, आणि वायर आत जरा ढील ठेवून, ताणून नाही, पण मॅग्नेटला घासेल इतकी ढील पण नाही. बसवल्यावर मॅग्नेट हातानं फिरवून कान लावून ऐका.

जाता जाता कंडेन्सर पण बाहेर काढला. मॅग्नेटच्या आतला काढून टाकला आणि एक नवा एचटी कॉइलच्या शेजारी हवेत बसवला, त्याच वायरीला समांतर, कंडेन्सरचं अंग बॉडीला घट्ट. आतला तसाच ठेवून बाहेर दुसरा जोडला तर आतला शॉर्ट झाल्यावर काही उपयोग नाही, म्हणून आतला सोडवायचाच. आता कधी कंडेन्सर बदलायचा झाला तर मॅग्नेट न काढता एका स्क्रूवर होतो.

पॉइंटची फट ०.४ मिमीच्या आसपास ठेवली, मॅग्नेटच्या खिडकीतून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) घालून. फिलर गेज पुण्याच्या जुन्या बाजारातला, रविवारी घासाघीस करून घेतलेला, त्याची ०.४ ची पात मूळ मालकानं इतकी वापरलीय की आकडा पुसलाय, अंदाजानं ओळखतो. पॉइंट नक्की कधी उघडतात ते बघायला मीटर चालत नाही, वरच्याच कारणानं. त्याला पतंगाचा कागद बेस्ट. पॉइंटच्या मधे धरायचा, हलका ओढत मॅग्नेट फिरवायचा, जिथं कागद सुटतो तिथं पॉइंट उघडले.

पुढच्या रविवारी यवतेश्वर न थांबता चढली. परतून खाली आलो आणि लगेच परत चढवली, दुसऱ्यांदा मागं अण्णांना बसवून, कारण वजन नसलं तर टेस्ट कसली. अण्णा वर पोचल्यावर एवढंच म्हणाले, "तिसऱ्यात चढत होती आमच्या वेळी, तू दुसऱ्यात आणलीस." आता सहा महिने झाले, मधे एकदा पाचगणीपर्यंत जाऊन आली, पसरणीच्या घाटातून, बंद नाही.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाली नंतरची गाडी असेल तर पॉइंट-कंडेन्सरचं सगळं सोडून द्या, पण प्लेटवरच्या वायरी आणि पिकअप कॉइलचा (पॉइंटच्या जागी ठिणगीची वेळ ठरवणारी) हा आजार त्यात पण होतो, ड्रायरची टेस्ट तिथं पण करा. पिकअप कॉइलचा रेझिस्टन्स गार असताना लिहून ठेवा, मग ड्रायर लावून बघत राहा, आकडा थोडा वाढणारच, पण मीटर एकदम उडाला किंवा ओपन दाखवला तर कॉइल गेली.

मी घातलेले तिन्ही कंडेन्सर काढून शेडमधल्या बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. काकांनी त्यांच्याकडच्या मीटरवर तपासले, ड्रायरनं गरम करून पण, तिन्ही चांगले, अगदी तो जुन्या स्टॉकचा सुद्धा, निदान आत्तापुरता. एक मिस्त्रींना परत नेऊन दिला. त्यांनी हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "मग गाडीत काय झालतं?"

मी म्हणलं, वायर.

"मी तेच म्हणत होतो," म्हणाले.